वॉर्डाखालची वाळू

१

मुलांचा वॉर्ड सकाळी चहाच्या वेळेला बुडाला.

आधी उजवा कोपरा खचला, मग जिना कलला, आणि शेवटच्या हादऱ्याला तळमजल्याच्या खिडक्या जमिनीखाली गेल्या. कुणी किंचाळलं नाही, कारण हा वॉर्ड पडद्यावरचा होता. खरा वॉर्ड दोन रस्ते पलीकडे जागच्या जागी उभा होता आणि तिथे मुलांना दूध देणं चाललं होतं.

प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं आहे. जमिनीचा एक तुकडा संगणकात उभा करायचा, पण अखंड ठोकळ्यासारखा नाही, कणाकणांनी. वाळूचा दाणा हा एक कण, दाण्यांमधल्या पाण्याचा थेंब हा दुसरा. असे लाखो कण, प्रत्येक जण शेजाऱ्याला ढकलणारा. मग ती जमीन हलवायची. ओली, भुसभुशीत वाळू हलली की दाणे जवळ सरकू पाहतात, मधलं पाणी कोंडतं, दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन काही क्षण पातळ पिठासारखी होते. वर जे उभं असेल ते आत जातं. मुलांचा वॉर्ड बुजवलेल्या तळ्यावर बांधला होता, म्हणून हा खटाटोप.

गेल्या वर्षी याच प्रयोगशाळेने याच वॉर्डाचं गणित केलं होतं. तेव्हा वॉर्ड उभा राहिला होता आणि त्या भरवशावर तिथे खाटा लागल्या होत्या. यंदा नियमाप्रमाणे फेरतपासणी झाली. तीच माती, तोच भूकंप, तोच प्रोग्राम. निकाल उलटा.

संचालकांनी वॉर्ड रिकामा करण्याचा आदेश टाइप करून घेतला. सही उद्या दुपारी करायची होती. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं की काही मुलं श्वासाच्या यंत्रावर आहेत, त्यांना हलवताना एखादं वाटेतच जाईल. न हलवावं तर पडद्यावर काय दिसलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यात संगणकांची देखभाल करणारे गृहस्थ, ज्यांना सगळे कुलूपकाका म्हणत, दारात येऊन उभे राहिले. दोन्ही गणितांच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या होत्या.

“यंदा कुणी हात लावलेला नाही,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी लावलाय. गणित अर्धं झाल्यावर कुणीतरी आत शिरून वाळूची फाइल बदलली आणि पुन्हा ठेवून दिली. वाळूताईंच्या खुर्चीवरून, त्यांच्याच संगणकावरून.”

वाळूताई तिथेच बसल्या होत्या. गेल्या वर्षीचं गणित त्यांचं होतं. आणि वॉर्डाचा पाया ज्या इंजिनिअरने घातला, तो त्यांचा नवरा होता.

२

संचालकांनी ज्यांना बोलावलं ते गृहस्थ कारखान्यांतल्या अपघातांचे निवृत्त तपासनीस होते. फुटलेले बॉयलर आणि कोसळलेल्या क्रेन यांच्यात त्यांचा जन्म गेला होता. संगणकातलं त्यांना बेताचंच कळे. कामगार त्यांना मागे ‘पुन्हा-सांगा’ म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, पुन्हा सांगा. दुसऱ्या वेळी माणूस जे गाळतो ते त्यांना हवं असे.

सुरुवात त्यांनी वाळूताईंपासून केली. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या बाई. वीस-एक वर्षं त्या संगणकात वाळूच भरत आल्या होत्या, म्हणून हे नाव. त्यांनी काम समजावून सांगितलं. गणिताचे दोन टप्पे. पहिल्यात रिकाम्या पेटीत दाणे सोडायचे आणि ते बसू द्यायचे. दुसऱ्यात त्या बसलेल्या जमिनीवर इमारत, आजूबाजूचा भराव वगैरे ठेवायचा आणि भूकंप द्यायचा. पहिला टप्पा त्यांचा. दुसरा त्यांच्या हाताखालच्या संशोधकाचा, ज्याला सगळी प्रयोगशाळा भूकंपराव म्हणते.

“मधे तुम्ही हात घातलात?”

“नाही.”

“पुन्हा सांगा.”

“वाळू बसली, मी पाहिली, भूकंपरावांकडे दिली. बस. यांचा पाया आहे म्हणून मी निकाल फिरवेन असं वाटतं का तुम्हाला? उद्या खरंच जमीन हलली तर त्या खाटांवर मुलं असतील.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. तपासनिसांनी आयुष्यात बरेच खोटं बोलणारे पाहिले होते, आणि ही बाई त्यांच्यातली वाटत नव्हती. अडचण एवढीच होती की यंत्राची नोंदही खोटी नव्हती. कुलूपकाकांनी ती त्यांच्यासमोर उघडून दाखवली. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधे वाळूताईंच्या खुर्चीवरून कुणीतरी शिरलं होतं आणि वाळूची फाइल बदलून ठेवली होती.

“बदललं काय?” तपासनिसांनी विचारलं.

“ते यंत्र सांगत नाही. कोण आलं-गेलं एवढं बघणं माझं काम. आत काय केलं ते करणाऱ्याला माहीत.”

“ताईंच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसू शकतं?”

कुलूपकाकांनी चष्मा पुसला. “त्या खुर्चीवर? संचालकसाहेब बसले होते एकदा. ताई शेजारी उभ्या राहिल्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. साहेब आपणच उठले. तेव्हापासून कुणी बसत नाही.”

म्हणजे हात वाळूताईंचाच होता. आणि वाळूताई खरं बोलत होत्या. दोन्ही एकाच वेळी खरं असेल, तर कुणीतरी काहीतरी सांगायचं राहिलं होतं.

३

भूकंपराव तिशीतला, दाढी वाढलेला आणि सकाळपासून काही न खाल्लेला माणूस निघाला. यंदाची फेरतपासणी त्याने एकट्याने केली होती, दोन्ही टप्पे, कारण गेल्या वर्षीचं गणित ताईंच्या नावावर होतं, आणि ज्याच्या नावावर गणित त्याने ते तपासायचं नाही असा तिथला नियम होता. ताईंच्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे, हे तपासनिसांना दोघांनी न विचारता सांगितलं होतं. त्यांनी ते सरळ त्यालाच विचारलं.

“डोळा होता,” तो म्हणाला. “पण अशी नको. मी त्यांच्याकडे शिकलोय. वॉर्ड खचताना पाहिला तेव्हा मला वाटलं, माझंच चुकलं. म्हणून सगळ्यांना दाखवायच्या आधी पुन्हा चालवलं. पुन्हा खचला.”

“तुम्ही ताईंच्या सूचनांत काही फरक केलात?”

“एका अक्षराचा नाही. त्यांनी लिहून ठेवलेली फाइल जशीच्या तशी घेतली. दाणे सोडले, बसू दिले, पुढे चालवलं.”

“पुन्हा सांगा.”

तो तेच बोलला. या वेळी एका गोष्टीची भर पडली: वाळू बसवण्याचं काम त्याने या आधी कधी केलंच नव्हतं. ताई बसवून देत, तो हलवत असे.

मग त्याने दोन्ही चित्रफिती दाखवल्या. गेल्या वर्षीची: हादरे सुरू होतात, पाणी जमिनीतून फुटून वर येतं, वॉर्ड थरथरतो, जरासा दबतो, थांबतो. यंदाची: हादरे सुरू होतात आणि वॉर्ड बुडतो. तपासनिसांनी दोन्ही फिती दोनदा पाहिल्या आणि दुसऱ्या फितीच्या डाव्या कडेकडे बघत मान तिरकी केली. तिथे वॉर्डाशेजारचा मातीचा उंचवटा दाखवला होता. उंचवटा कसला, पोळी होती.

“ही जागा खरी कुठे बघायला मिळेल?”

“वॉर्डाजवळ. दोन रस्ते पलीकडे.”

ते निघाले तेव्हा संचालकांनी जिन्यात गाठून हळूच सांगितलं की वाळूताईंना तूर्त घरी पाठवलं आहे, आणि संध्याकाळपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर फसवणुकीची तक्रार आजच द्यावी लागेल.

४

वॉर्डाच्या मागे, कुंपणाच्या आत, एक मातीचं टेकाड होतं. तळं बुजवताना उरलेली वाळूमिश्रित माती कुणी तिथे ओतली आणि मग उचलायची राहिली. वर गवत उगवलं होतं, पण एका बाजूला पाइप टाकण्यासाठी टेकाड नुकतंच कापलं होतं आणि आतली वाळू उघडी पडली होती. तपासनिसांनी ओंजळभर वाळू उचलून टेकाडाच्या उतारावर टाकली. ती तिथेच राहिली. आणखी टाकली. तीही राहिली. दोन दाणे घरंगळले, तेवढेच.

डॉक्टरीणबाई खिडकीतून बघत होत्या. त्या खाली आल्या आणि विचारलं, हे काय चाललंय. तपासनीस म्हणाले, वाळू उभी राहते का ते बघतोय.

“ती राहते. माझी मुलं कुठे ठेवू ते सांगा.”

“उद्या दुपारच्या आत सांगतो.”

“उद्या दुपारी मला ॲम्ब्युलन्स दारात हव्यात की नकोत?” तपासनिसांनी हातावरची वाळू झटकली. बाई वळल्या. “मागवून ठेवते. नको झाल्या तर मला आनंदच आहे.”

तिथून ते वाळूताईंच्या घरी गेले. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. म्हातारी परत टेबलाशी बसून काचेचे मणी ओवायला लागली. पर्स करत होती म्हणे, तिसरी, पहिल्या दोन कुणी वापरत नाही. ताटलीत मणी पसरले होते. वाळूताई आतून चहा घेऊन आल्या. नवरा कामाच्या जागेवर होता. पायाबद्दल विचारायला सकाळपासून तिघांचे फोन येऊन गेले होते आणि त्याने तिघांनाही एकच उत्तर दिलं होतं, की पाया ठीक आहे, जमिनीचं माझ्या बायकोला विचारा.

“बघा,” सासूबाई म्हणाल्या, “असा माझा मुलगा. सगळं हिच्यावर ढकलतो.”

“आई, तुम्ही मणी ओवा.”

तपासनिसांनी साखर घेतली. साखरदाणीतली साखर टोकदार ढिगासारखी उभी होती. चमचा काढला तिथे खळगा तसाच राहिला. त्यांनी ताटलीतल्या मण्यांकडे पाहिलं. सासूबाईंनी डबीतून आणखी मणी ओतले, तरी ढीग काही होईना. जेवढे ओतले तेवढे पसरले, थेट काठापर्यंत.

चहा संपल्यावर वाळूताई त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आल्या. दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या.

“आई, मी गॅस बंद केला का हो?”

आतून उत्तर आलं की रोज विचारतेस आणि रोज बंदच असतो. तरी त्या परत गेल्या, बघून आल्या. बंद होता.

“आठवत नाही का बंद केल्याचं?” तपासनिसांनी विचारलं.

“अजिबात नाही. चहा उकळला की हात आपोआप जातो. तुम्हाला नाही का होत असं?”

तपासनीस एक पायरी परत वर चढले. मग म्हणाले, “ताई, चप्पल घाला. माझ्याबरोबर प्रयोगशाळेत चला.”

“मला तिथे यायला बंदी आहे.”

“संचालकांशी मी बोलतो. तुम्हाला एक छोटी पेटी वाळू बसवून दाखवायची आहे. बोलत बोलत, नेहमीसारखी.”

५

वाळूताई आपल्या खुर्चीवर बसल्या. मागे संचालक, भूकंपराव आणि कुलूपकाका उभे राहिले. तपासनिसांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं की मधे कुणी बोलायचं नाही.

वाळूताईंनी लहान पेटी घेतली. दाणे पावसासारखे आत पडले, उसळले, शांत झाले. त्या सांगत होत्या: दाणे पडताना ते मुद्दाम गुळगुळीत ठेवायचे, साबण लावल्यासारखे. नाहीतर ते एकमेकांना अडकतात, मधे पोकळ्या राहतात. खऱ्या जमिनीत वर्षानुवर्षांच्या भाराने त्या भरतात. आपल्याकडे तेवढी वर्षं नाहीत, म्हणून साबण. कधी बसले ते डोळ्यांनी ठरवायचं. हे बघा, आता वरचा थर हलत नाही. खालचा बघायचा. तोही नाही. झालं, बसली वाळू.

बोलता बोलता त्यांचा उजवा हात कीबोर्डवर गेला, काहीतरी टाइप केलं, आणि परत मांडीवर आला.

“आत्ता काय केलंत?” तपासनीस म्हणाले.

“काही नाही. वाळू बसली, भूकंपरावांकडे देणार.”

“पुन्हा सांगा.”

“अहो काही नाही. साबण धुतला.”

वाळूताई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “मी हे लिहिलंच नाही कुठे.”

भूकंपराव भिंतीला टेकला होता तो खालीच बसला. “ताई, मी धुतला नाही. मला माहीतच नव्हतं धुवायचा असतो. मी साबणाच्याच वाळूवर वॉर्ड ठेवला.”

६

तपासनिसांनी खुलासा केला तो उभ्या उभ्याच, आणि थोडक्यात. यंत्राची नोंद बरोबर होती: गेल्या वर्षी गणिताच्या मधे हात घातला गेला होता. सगळे धरून चालले की हात घातला म्हणजे बिघाड केला. पण तो हात घालणं हेच काम होतं. दाण्यांना त्यांचा खरा खडबडीतपणा परत द्यायचा, आणि मगच पुढे जायचं. वीस वर्षं ताईंनी ते इतक्या वेळा केलं की ते त्यांच्या लेखी वेगळं काम उरलंच नाही. चहाच्या कृतीत शेवटी गॅस बंद करा असं कुणी लिहीत नाही. म्हणून हात घातलात का विचारल्यावर त्या नाही म्हणाल्या, आणि ते मनापासून म्हणाल्या. यंदा भूकंपरावांनी लिहिलेलं सगळं केलं आणि न लिहिलेलं राहिलं. गुळगुळीत दाण्यांना एकमेकांची पकडच नव्हती. पाणी कोंडायच्या आधीच ती जमीन निम्मी गेलेली होती.

संचालक कच्चे नव्हते. त्यांनी विचारलं, हे सगळं ताईंनी आत्ता रचलं नाही कशावरून? एक बटण दाबून दाखवणं अवघड आहे का?

“त्यांच्या शब्दावर मी विसंबलोच नाही,” तपासनीस म्हणाले. “भूकंपराव, यंदाची फीत पुन्हा दाखवा. पण भूकंपापासून नको. त्याच्या आधीपासून.”

आधीचा भाग कुणी बघत नसे. त्यात काही घडत नाही, अशी समजूत होती. फीत मागे नेली. वॉर्ड ठेवला गेला, शेजारी त्याच वाळूचं टेकाड ठेवलं गेलं, नीट उताराचं, खऱ्यासारखं. आणि मग, जमीन अजून स्थिर असताना, एकही हादरा नसताना, टेकाड आपोआप ढासळायला लागलं. ताटलीतल्या मण्यांसारखं ते पसरत गेलं आणि सपाट झालं. त्यानंतर भूकंप सुरू झाला.

“खरं टेकाड वॉर्डामागे उभं आहे,” तपासनीस म्हणाले. “मी त्याच्यावर वाळू टाकून आलो. ती उतारावर राहते. तुमच्या गणितातली वाळू साध्या दिवशीसुद्धा उभी राहत नाही. जी वाळू आज खोटं बोलते, तिच्यावर भूकंपाच्या दिवशी विश्वास ठेवू नका. आता गेल्या वर्षीची फीत लावा, तीही आधीपासून.”

गेल्या वर्षीच्या फितीत टेकाड शांतपणे उभं होतं, उतार तसाच, हादरे सुरू होईपर्यंत.

कुलूपकाका म्हणाले की मी सकाळी ताईंबद्दल जरा जोरात बोललो. वाळूताईंनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं की नोंद खरी होती, खरं बोलल्याबद्दल कसली माफी. पण चहा आज तुमच्याकडून.

संचालक सहीच्या कागदाकडे बघत होते. त्यांनी तो फाडला नाही, बाजूला ठेवला. पूर्ण गणित पुन्हा होऊ दे म्हणाले, भूकंपराव करतील, साबण धुऊन, आणि ताई खुर्चीच्या जवळपासही फिरकणार नाहीत. निकाल उद्या सकाळी. तोवर हे खोलीबाहेर जायला नको.

“डॉक्टरीणबाईंना मी सांगितलंय की उत्तर देईन,” तपासनीस म्हणाले.

“मग उद्या त्यांनाच बोलवा.”

७

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, पांढऱ्या कोटातच, रात्रपाळी उतरून. त्यांच्या वॉर्डासमोर ॲम्ब्युलन्स येऊन थांबल्या होत्या आणि चालक गाडीतच पाय पसरून बसले होते. वाळूताई शब्दाला जागून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी उभ्या होत्या. भूकंपरावाने दाढी केली होती.

फीत सुरुवातीपासून लावली. वॉर्ड ठेवला गेला. टेकाड ठेवलं गेलं. सगळे आधी टेकाडाकडेच बघत होते, आणि ते उभं राहिलं. मग जमीन हलली. जागोजागी पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या, वाळूचे छोटे ढीग वर आले. टेकाडाचा एक कोपरा सुटला. वॉर्ड डोलला, दबला, थरथरला. जिन्यापाशी जमीन फाटली. हादरे थांबले. वॉर्ड उभा होता.

“भेग पडेल,” भूकंपराव म्हणाला. “जिन्यापाशी. बोटभर खाली बसेल सगळं. तो जिना आताच वेगळा बांधून घ्यावा असं मी लिहिणार आहे. पण खिडक्या जमिनीच्या वरच राहतील.”

“मुलं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मुलांना हलवायची गरज नाही.”

डॉक्टरीणबाई जवळच्या खुर्चीवर बसल्या. चेहरा ओंजळीत घेतला, मग फोन काढून कुणाला तरी सांगितलं की गाड्या परत पाठवा, हो, सगळ्या, आणि चालकांना आधी चहा द्या. संचालकांनी आदेशाचा कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर जिन्याचं टिपण लिहायला घेतलं. वाळूताई दारातून भूकंपरावाला सांगत होत्या की आता हे धुणं प्रोग्राममध्येच टाक, माणसाच्या हातावर ठेवू नकोस, आणि वाळू बसली की नाही ते कसं बघायचं ते मी तुला या आठवड्यात शिकवते, नीट बस. तो हो हो म्हणत होता. कुलूपकाका कपबशा मांडत होते.

तपासनिसांनी टोपी उचलली. त्यांचं काम संपलं होतं. ते दाराशी पोचले तेवढ्यात मागून आवाज आला.

“पुन्हा दाखवा.”

सगळ्यांनी वळून तपासनिसांकडे पाहिलं. ते म्हणाले, मी नाही बोललो.

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बोट करत होत्या. “तो शेवटचा भाग,” त्या म्हणाल्या. “जिथे तो उभा राहतो.”

भूकंपरावाने फीत मागे नेली. तपासनिसांनी टोपी परत टेबलावर ठेवली आणि तेही बघायला उभे राहिले.